डोंगरात पंधरा दिवस : जायचं कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कार्यक्रमांत सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, बोलण्याची भाषा मात्र शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कमिटीने मला वीस मिनिटं दिली आहेत. वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयालाही आपण याहून जास्त वेळ देतो, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येतो.

रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्यातल्या काही मंडळींनी मिळून डोंगरात जायचं ठरवलंय. बसमधून सात पॉइंट दाखवून आणणारी ही सहल नाही. पंधरा दिवस तंबूत राहायचं, स्वतः रांधायचं, थोडं चालायचं, बरंचसं नुसतं बसायचं. आजपर्यंत २३ नावं आली आहेत. सगळ्यात लहान मेंबर ९ वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्या आजी ७१ वर्षांच्या. आणि ग्रुपवर जागा किती सुचवल्या गेल्या? अकरा. लडाखपासून सिक्कीमपर्यंत. प्रत्येकाने सोबत एक फोटो टाकलाय. निळं तळं, पिवळा तंबू, मागे बर्फाचा डोंगर.

मी गेली तीस वर्षं डोंगरात हिंडतो, म्हणून ‘तुम्हीच ठरवा’ असं मला सांगण्यात आलं. मी ठरवणार नाही. पण ठरवायचं कसं ते सांगतो, आणि माझं मत कुठे पडतं तेही सांगतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. सी विंगमधले माझे मेहुणे, ज्यांना आपण सगळे दादा म्हणतो, त्यांची परवानगी घेऊन सांगतोय. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

१४ वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण लडाखला गेलो होतो. कार्यक्रम एका टूर कंपनीने आखून दिला होता. मुंबईहून विमानाने लेह. लेह आहे साधारण ३५०० मीटरवर. म्हणजे सकाळी आपण समुद्राच्या काठी चहा प्यायलो आणि दुपारी कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर जेवायला बसलो. कागदावर आराम एकच दिवस लिहिला होता, त्यातही थोडं स्थलदर्शन. तिसऱ्या रात्री मुक्काम त्सो मोरीरीच्या काठी, साधारण ४५०० मीटरवर. तो कागद मी वाचला होता. हे घाईचं आहे हे मला कळतही होतं. पण परतीची तिकिटं काढलेली होती, आणि बाकीच्यांना ते तळं बघायचं होतं.

संध्याकाळी दादांचं डोकं दुखायला लागलं. जेवले नाहीत. एकदा उलटी झाली. मी डोकेदुखीची गोळी दिली आणि म्हटलं, सकाळपर्यंत बरं वाटेल. त्यांनी मला तीनदा विचारलं, ‘मी खाली जाऊ का?’ तिन्ही वेळा मी ‘जरा थांबा’ म्हटलं. रात्री दोन वाजता वहिनींनी हाक मारली. दादा तंबूबाहेर आले होते आणि दारू प्यायलेल्या माणसासारखे झोकांड्या खात चालत होते. उंचीच्या त्रासात तोल जाणं म्हणजे मेंदूवर परिणाम झाल्याची खूण. त्यानंतर वाट बघत बसायचं नसतं.

ड्रायव्हरला उठवलं आणि निघालो. आता ऐका. तीन तास गाडी चालली तरी आम्ही लेहपेक्षा वरच होतो. तो सगळा प्रदेशच उंच पठाराचा आहे. खाली उतरायचं म्हटलं तरी खाली जागाच नाही. सकाळी लेहच्या दवाखान्यात पोचलो, ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. दादा वाचले. आज ते रोज सकाळी गेटपासून पंपहाउसपर्यंत वीस फेऱ्या मारतात, हे आपण सगळे बघतो.

पुढे बरीच वर्षं मी ‘कंपनीने कार्यक्रम चुकीचा आखला’ असंच सांगत होतो. ते खोटं नव्हतं. पण तीनदा ‘थांबा’ म्हणणारा मीच होतो. आणि दादांनी मला नंतर सांगितलं ते जास्त महत्त्वाचं आहे. त्यांना संध्याकाळपासूनच वाटत होतं की हे साधं दुखणं नाही. पण ‘माझ्यामुळे आठ जणांची ट्रिप मोडेल’ म्हणून ते जोर लावून बोलले नाहीत.

तेव्हापासून जागा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो : आपल्यातल्या एकाला खाली जावंसं वाटलं, तर बाकीच्यांची ट्रिप न मोडता त्याला जाता येईल का? जिथे याचं उत्तर ‘हो’ आहे, तिथेच माणूस वेळेवर बोलतो. जिथे ‘नाही’ आहे, तिथे तो लपवतो. आपल्या ७१ वर्षांच्या आजी तर नक्की लपवतील, कारण त्या कुणालाच कधी त्रास देत नाहीत.

या पहिल्या प्रश्नासोबत आणखी चार. आपल्या सुट्टीत तिथे ऋतू कोणता असतो? रात्री झोपायची उंची किती? तंबूपासून पाणी किती लांब? आणि तिथे राहायला परवानगी आहे का? फोटो किती सुंदर, हा प्रश्न यात नाही. डोंगर सगळेच सुंदर असतात.

आता एकेक भाग घेऊ.

आधी आपला सह्याद्री. बऱ्याच जणांनी विचारलं, इतक्या लांब कशाला, इथे काय कमी आहे? कमी काहीच नाही. भंडारदऱ्याला धरणाच्या काठी, रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी, समोर रतनगड, पलीकडे कळसूबाईची रांग. ऑक्टोबर ते जानेवारी यासारखी जागा नाही. पण आपली सुट्टी आहे मे महिन्यात. होळीनंतर सह्याद्रीतले ओढे आटतात. गडावरच्या टाक्यांतलं पाणी तळाला जातं आणि खालच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. त्या पाण्यात आपण २३ जणांनी वाटा मागायचा? आपण टँकरच्या पाण्यावर दोन उन्हाळे काढलेली माणसं आहोत, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. शिवाय अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत, बरंच रान अभयारण्यात येतं, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून सह्याद्री लांब मुक्कामासाठी नाही, पण तालमीसाठी उत्तम. त्याबद्दल शेवटी बोलतो.

दुसरा भाग उत्तराखंडातला गढवाल. सगळ्यात जास्त मतं या भागाला आहेत. दयारा बुग्याळ, बेदनी बुग्याळ. बुग्याळ म्हणजे झाडांची रेषा संपल्यावर वर लागणारी गवताची कुरणं. हिवाळ्यात बर्फाखाली, उन्हाळ्यात हिरवी आणि पावसाळ्यात फुलांनी भरलेली. तंबू लावून लोळत पडावं अशीच जागा, यात वाद नाही. अडचण अशी की तसा विचार फार लोकांनी केला. तिथल्या मातीचा थर पातळ असतो आणि गवत वाढायचे महिने मोजके. तंबू, खेचरं आणि चुली यांनी कुरणं उघडी पडायला लागली, तेव्हा २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. कुणी सांगेल, ‘आमच्या ओळखीचा माणूस करून देतो.’ सोसायटीच्या नावाने जाणार असू तर ओळखीच्या माणसावर जायचं नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचंही तसंच. ते राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं, फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आत तंबू लावता येत नाही आणि राहावं लागतं घांगरियाला. मे-जूनमध्ये चारधामच्या रस्त्यांवर गर्दी असते ती वेगळी. गढवालला चालायला जरूर जा, पंधरा दिवस एका जागी राहायला नको.

त्याच राज्यात पूर्वेला कुमाऊँ आहे. पिंडारी हिमनदीची वाट जुनी आणि प्रेमळ. खातीसारखं २२०० मीटरवरचं गाव, ओक आणि बुरांसचं जंगल, वाटेत द्वाली आणि फुरकियाला विश्रामगृहं. उंची हळूहळू वाढते, हा या वाटेचा मोठा गुण. माझ्या मनात हा भाग दुसऱ्या नंबरवर आहे. मागे पडला तो दोन कारणांनी. काठगोदामला रेल्वेतून उतरल्यावर घाटातून अख्खा दिवस गाडी, आणि आपल्यातल्या निम्म्या मुलांना पनवेल ओलांडेपर्यंतच गाडी लागते. दुसरं म्हणजे ती वाट पुढे पुढे चालत जायची आहे. फुरकियाहून कुणाला परत यायचं झालं तर दोन-तीन दिवस उलटं चालावं लागतं. चालायलाच निघालेल्या आठ-दहा जणांना ते चालतं. आपल्यासारख्या ९ ते ७१ वयाच्या वऱ्हाडाला चालत नाही.

सिक्कीमचं थोडक्यात सांगतो. युकसोम ते झोंगरी ही वाट कांचनजंगेच्या राष्ट्रीय उद्यानातून जाते. देखणी आहे. पण युकसोम १८०० मीटरच्या आसपास आणि झोंगरी ४००० च्या आसपास, आणि त्या वाटेवर शेवटचा टप्पा एका दिवसात हजार मीटरने झोपायची उंची वाढवतो. मेच्या अखेरीस तिथे पाऊसही सुरू होतो, जळवा असतात. मुंबईहून प्रवासही सगळ्यात लांबचा.

लडाखला मी वाईट म्हणत नाही, हे दादाही मान्य करतील. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा हिमालय भिजत असताना तो पर्जन्यछायेतला भाग बराचसा कोरडा असतो. ज्यांना त्याच महिन्यांत सुट्टी आहे, उंचीचा अनुभव आहे आणि लेहमध्ये चांगले तीन-चार दिवस बसायची तयारी आहे, त्यांनी जावं. मारखा खोऱ्यात गावागावांतून घरांत राहायची सोयही आहे. पण माझा पहिला प्रश्न आठवा. एकाला खाली जायचं झालं तर खाली आहे कुठे?

आता माझं मत कुठे पडतं ते सांगतो. हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदीचं खोरं आहे. त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. १९९९ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून पक्कं जाहीर झालं आणि २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. उद्यानाचं क्षेत्र साडेसातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि आत मोटाररस्ता नाही. गाडी गुशैणी गावापर्यंत जाते. पुढे पायवाट, नदीच्या कडेकडेने.

माझे पाचही प्रश्न आता इथे लावून बघू.

ऋतू. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. मुलांना सुट्टी, देवदार आणि ओकचं जंगल हिरवं, दिवसा स्वेटर कमरेला बांधावा अशी हवा, रात्री स्लीपिंग बॅगेत शिरावं अशी थंडी. दुपारनंतर कधीतरी गडगडाट आणि अर्धा तास सर येते, त्याची तयारी ठेवायची. जूनच्या अखेरीस मात्र पावसाळा लागतो. त्या दिवसांत तिथे जायचंच नाही. जुलै २०२३ मध्ये कुल्लू भागात नद्यांनी रस्ते आणि घरं कशी नेली ते आपण टीव्हीवर पाहिलंय. म्हणून १० जूनच्या आत आपण घरी.

उंची. गुशैणी आहे साधारण आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर, म्हणजे सोळाशेच्या जवळपास. उद्यानाच्या दारातली पहिली मुक्कामाची जागा रोल्ला, साधारण २१०० मीटर. उंचीचा त्रास सहसा २५०० च्या वर सुरू होतो. म्हणजे आजी, लहान मुलं, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी मंडळी, सगळ्यांना रोल्लाला निवांत राहता येईल. वर शिल्टला, साधारण ३१०० मीटरवर, ज्यांना जमेल त्यांनी दोन रात्रींसाठी जायचं. तेही रोल्लाला चार रात्री राहून, पाय आणि श्वास सरावल्यावरच. डोंगरातला साधा नियम असा की ३००० च्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. शिल्टच्या वर आपण झोपणारच नाही, म्हणून तो नियम मोडायची वेळ येणार नाही.

पाणी. रोल्लाला तंबूपासून दोन मिनिटांवर तीर्थन वाहते. बर्फाचं पाणी, हात बुडवला तर मिनिटभरात बधिर. बघायला काचेसारखं असलं तरी उकळूनच प्यायचं, वर गुरं-मेंढ्या असतातच. आणि मुलांच्या आईवडिलांना आताच सांगतो, पोहायचं नाही. पाण्याला ओढ आहे आणि दगडांवर शेवाळ.

उतरायची वाट. रोल्लाहून गुशैणी दहा किलोमीटरच्या आत, बरीचशी उताराची वाट. सकाळी कुणाला बरं वाटलं नाही तर एक सोबती आणि एक स्थानिक माणूस घेऊन दुपारच्या जेवणाला तो गावात. तिथून गाडीने बंजार, मोठा दवाखाना लागलाच तर कुल्लू. गावातल्या खोलीत दोन दिवस राहून बरं वाटलं तर तो परत वर येईल. बाकीच्यांचे तंबू हलणारही नाहीत. मी तीर्थनला पहिला नंबर देतो तो यासाठी. अकरा जागांत याहून देखण्या जागा आहेत. पण इथे ‘मला खाली जायचंय’ म्हणणं सोपं आहे.

परवानगी. उद्यानात शिरायला परवाना लागतो. तो साई रोपाच्या वनखात्याच्या कार्यालयातून घ्यायचा, ठरलेल्या जागीच तंबू लावायचे, आणि सोबत स्थानिक वाटाड्या घ्यायचा. शुल्क आणि नियम निघायच्या आधी पुन्हा विचारून घेऊ.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे. हे उद्यान होण्याआधी आसपासच्या गावांतली माणसं त्या जंगलात मेंढ्या चारायची, औषधी मुळं आणि गुच्छी नावाचं अळिंब गोळा करून विकायची. बऱ्याच घरांचा वर्षाचा पैसा त्यातून यायचा. उद्यान जाहीर झाल्यावर ते हक्क संपले. जागतिक वारसा आपल्याला मिळाला, त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढे तिथल्या बायकांचे बचत गट उभे राहिले, माणसं पोर्टर, वाटाडे, आचारी झाली. म्हणून आपण सगळं सामान इथून भरून नेऊन ‘आम्हाला कुणाची गरज नाही’ अशी फुशारकी मारायची नाही. तांदूळ, डाळ, भाज्या बंजारला घ्यायच्या. पोर्टर गुशैणीच्या आसपासचे घ्यायचे. तिथे सामान माणसाच्या पाठीवरून जातं, तेव्हा एका पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही, आणि मजुरीत घासाघीस करायची नाही. आपण पंचवीस वर्षं सहकारी सोसायटीत राहतोय. दुसऱ्याच्या दारात तरी तसंच वागू.

आता कार्यक्रम. मुंबई ते चंदीगड रेल्वेने, तिथून रात्रीची बस. मनालीच्या रस्त्यावर औटला उतरायचं, पुढे जीपने बंजारवरून गुशैणी. पहिल्या दोन रात्री गावातच. मग रोल्ला. तिथे चार रात्री. त्यानंतर दहा-बारा जण दोन रात्रींसाठी शिल्टला, बाकीचे रोल्लालाच. पुन्हा सगळे एकत्र एक रात्र, मग गाव, मग परत. हिशेब केला तर पंधरा दिवसांत पाठीवर पिशवी घेऊन चालायचे दिवस रोल्लाला थांबणाऱ्यांना दोन, शिल्टला जाणाऱ्यांना चार. कुणी म्हणेल, इतकंच? हो, इतकंच. बाकीचे दिवस कशासाठी? सकाळी नदीवर बसून चहा. पक्षी बघायला दोन तास. मोनाल दिसला तर नशीब, आणि ज्याला तिथले लोक जुजुराणा म्हणतात तो हिमाचलचा राज्यपक्षी दिसला तर सोसायटीतर्फे जेवण माझ्याकडून. दुपारी पत्ते. संध्याकाळी ज्यांना येतं त्यांनी पेटीशिवाय गावं.

स्वयंपाकाचं खातं ए विंगच्या काकूंनी आधीच ताब्यात घेतलंय. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू इथून. कुकर मात्र विसरायचा नाही. शिल्टच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही, माणूस चिडतो. गॅसचे डबे रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, ते तिथेच बघू. लाकूड तोडून शेकोटी नाही. शौचाला पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, नंतर बुजवून. प्लास्टिक सगळं परत. ओला-सुका वेगळा करायला आपण शिकायला सहा वर्षं घेतली, तिथे पहिल्याच दिवशी करायचंय.

आणि तालीम. जानेवारीतल्या एका जोडसुट्टीला आपण सगळे रतनवाडीला दोन रात्री जाऊ. गावातल्या कुणाच्या तरी शेतात त्यांना विचारून, पैसे देऊन तंबू लावू. तिथे तीन गोष्टी कळतील. कुणाला जमिनीवर झोप येते, कुणाच्या बुटाचा तळ निघतो, आणि कोण घोरतं. तिसऱ्यावरून तंबूंची वाटणी होईल. त्याआधी चाळिशीच्या वरच्यांनी आपल्या डॉक्टरांना भेटून यायचं. उंचीवरची गोळी कुणी ग्रुपवर वाचून घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारूनच.

भाषणानंतर तीन प्रश्न आले, तेही इथे देतो.

बी विंगमधल्या एका तरुण मित्राने विचारलं, ‘काका, पण हे फारच सोपं नाही का होणार?’ मी म्हटलं, सोपं व्हावं म्हणूनच एवढा खटाटोप. अवघड हवं असेल तर तू शिल्टहून पुढे वाटाड्याबरोबर एक दिवस रखुंडीकडे चढून ये. पण संध्याकाळी खाली ये, मी चहा ठेवतो.

एका ताईंनी विचारलं, मोबाइलला रेंज असते का? रोल्लाला रेंज धरून चालायचंच नाही. घरी तसं सांगून निघायचं. रोज कुणीतरी पोर्टर गावात जातो-येतो, निरोप त्याच्यासोबत. आणि परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन आणून दिला असेल तर तो कृपया घरीच ठेवा, आपल्या देशात परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे.

तिसरा प्रश्न दादांचा होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझं नाव घेतलंय का यादीत?’

हॉलमध्ये सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला त्यांना विचारायचा धीर झाला नव्हता. मी म्हटलं, दादा, तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी आणा. रोल्लापर्यंत या. आणि कधीही, रात्री दोन वाजताही, खाली जावंसं वाटलं तर एकदाच सांगा.

ते म्हणाले, ‘एकदाच सांगेन. तू एकदाच ऐक.’

यादीत आता २४ नावं आहेत. तालमीची तारीख ठरली की नोटीस बोर्डावर लागेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी ऑफिसात नाव द्यावं, आणि सोबत फोटो नको, फक्त वय आणि चालू असलेली औषधं लिहून द्यावीत.